माझा पेपर कोण वाचणार आहे?

दोन वर्षांपूर्वी, ऑनलाइन एमबीएच्या तिसऱ्या सत्रात, मी मार्केटिंगचा एक कोर्स केवळ एका नमुना-व्याख्यानावर भाळून घेतला. विद्यापीठाने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या त्या सात मिनिटांच्या व्हिडिओत एक प्राध्यापिका भारतातल्या शाम्पूच्या पुड्यांविषयी बोलत होत्या. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या त्या पुड्या पाहतच मी मोठी झाले असल्यामुळे, शिकागोजवळच्या घरात रात्री दहा वाजता तो व्हिडिओ पाहताना हा कोर्स आपल्यासाठीच आहे असे मला वाटून गेले. कोर्स सुरू झाल्यावर कळले की व्हिडिओ चार वर्षांपूर्वी चित्रित झालेले आहेत, प्राध्यापिका त्या सत्रात रजेवर आहेत, आठवड्याचे लाइव्ह सेशन दुसरे एक शिक्षक घेणार आहेत आणि पेपर तपासण्यासाठी तिसऱ्याच व्यक्तीची नेमणूक झालेली आहे. मी जीव ओतून लिहिलेला चौदा पानांचा अंतिम पेपर तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा त्यावर ‘छान काम’ एवढे दोन शब्द आणि १०० पैकी ९२ गुण होते. गुण चांगलेच होते. पण गेलेले ८ कुठे गेले आणि मिळालेले ९२ कशासाठी मिळाले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तेव्हापासून कोर्स निवडताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट शोधते, ती म्हणजे मी लिहिलेले कोण वाचणार आहे. ओळखीतले दोघे-तिघे मराठी जण यंदा अशाच अभ्यासक्रमांना प्रवेश घेत आहेत, आणि प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा लेख. माझ्या विद्यापीठाचे नाव मी यात घेणार नाही, कारण जे माझ्या वाट्याला आले ते इतरत्रही घडू शकते आणि त्याच विद्यापीठात मला उत्तम शिक्षकही मिळाले आहेत.

ऑनलाइन एमबीए ही अमेरिकेत नवी गोष्ट नाही. इंडियाना विद्यापीठाच्या केली स्कूलने १९९९ मध्येच असा अभ्यासक्रम सुरू केला होता आणि चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा अभ्यासक्रम २०११ मध्ये आला. मोठा बदल घडला तो २०१६ मध्ये. त्या वर्षी इलिनॉय विद्यापीठाने कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळाच्या मदतीने आयएमबीए नावाचा आपला ऑनलाइन एमबीए सुरू केला आणि संपूर्ण पदवीची फी सुमारे २२ हजार डॉलर ठेवली. पुढे २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने कॅम्पसवरचा पूर्णवेळ एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. इतक्या कमी फीमध्ये हे कसे परवडते याचे गणित अवघड नाही. एकदा चित्रित केलेले व्याख्यान पन्नास जणांनी पाहिले काय आणि पाच हजारांनी पाहिले काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. पेपर तपासण्याचे काम मात्र प्रत्येक विद्यार्थ्यामागे वाढत जाते. त्यामुळे वर्ग मोठा झाला की काटकसरीचा हात आधी तिथे पोचतो. व्याख्यान एकाने द्यावे, लाइव्ह सेशन दुसऱ्याने घ्यावे आणि गुण तिसऱ्याने द्यावेत, ही रचना त्यातूनच येते.

ही रचना वाईटच असते असे मी म्हणणार नाही. ऑपरेशन्सच्या कोर्सला आमच्या तुकडीला जे शिक्षक मिळाले ते वीस वर्षे एका कारखान्यात काम करून आलेले होते, आणि मूळ व्हिडिओंपेक्षा त्यांच्या गुरुवारच्या तासातच मी अधिक शिकले. सांगायचे एवढेच की जाहिरातीच्या पानावर ज्याचा फोटो आहे त्याला पाहून कोर्स निवडणे म्हणजे पत्रिकेवरचे नाव वाचून वर पसंत करण्यासारखे आहे. काही विद्यापीठांचे व्हिडिओ कोर्सेरावर आधीच पाहता येतात ही सोय चांगली आहे आणि तिचा लाभ जरूर घ्यावा. पण त्यावरून विषय कसा मांडला आहे एवढेच समजते.

खरी माहिती असते ती सिलॅबसमध्ये. नोंदणीच्या पानावर कोर्सचे जे चार ओळींचे वर्णन असते ते बहुधा समितीने लिहिलेले असते आणि वर्षानुवर्षे बदलत नाही, म्हणून ॲडव्हायझरला ईमेल करून मागच्या सत्राचा सिलॅबस मागून घ्यावा. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. तो हातात आला की मी विषयांची यादी शेवटी वाचते आणि आधी गुणांची वाटणी पाहते. संगणक आपोआप तपासतो अशा बहुपर्यायी क्विझना किती टक्के आहेत, डिस्कशन बोर्डवर ‘मी तुमच्याशी सहमत आहे’ छापाच्या दोन प्रतिक्रिया लिहिण्याला किती, ग्रुप प्रोजेक्टला किती आणि एकट्याने लिहायच्या कामाला किती, हे समजले की कोर्सचा स्वभाव बराचसा उलगडतो. त्यानंतर तारखा पाहते. पहिले लेखी काम कधी द्यायचे आहे आणि ते परत कधी येणार आहे? पहिला मेमो दुसऱ्या आठवड्यात जाऊन तिसऱ्या आठवड्यात शेऱ्यांसह परत येत असेल, तर दुसरा मेमो सुधारण्याची संधी असते. सगळे लेखन शेवटच्या आठवड्यात एकदम द्यायचे असेल, तर शेरे येईपर्यंत कोर्सचे पान बंद झालेले असते आणि ते वाचून काही करण्याची इच्छाही उरलेली नसते. माझ्या त्या मार्केटिंगच्या कोर्समध्ये ६० टक्के गुण अंतिम पेपरला होते आणि त्याआधी लिहून घेतलेले असे काहीच नव्हते. हे सिलॅबसमध्ये स्वच्छ छापलेले होते आणि मी ते वाचले नव्हते, त्यामुळे निम्मा दोष माझाच.

वेळेचा हिशेबही सिलॅबस वाचतानाच करावा, कारण ‘३ क्रेडिट’ या शब्दांत तो दडलेला असतो. अमेरिकेच्या संघीय नियमांप्रमाणे एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तास असे काम सुमारे १५ आठवडे अपेक्षित असते. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याचे ९ आणि एकूण १३५ तास. ऑनलाइन एमबीएचे बरेच कोर्स सात-आठ आठवड्यांत उरकलेले असतात, पण क्रेडिट तेवढीच असतात. १३५ ला साडेसातने भागले की आठवड्याला १८ तास येतात आणि असे दोन कोर्स एकत्र घेतले की ३६. पूर्ण वेळ नोकरी, दुसरीतली मुलगी आणि शनिवारची मराठी शाळा सांभाळून ३६ तास कुठून आणायचे याचे उत्तर मला सापडले नाही. पहिल्या वर्षी मी ते आणण्याचा प्रयत्न केला आणि त्याची किंमत दोन्ही कोर्सनी आणि मुख्यतः घराने मोजली. प्रत्यक्षात सगळेच कोर्स १८ तास खात नाहीत, काही दहातही भागतात. म्हणून दोन घ्यायचेच असतील तर एक आकडेमोडीचा आणि एक वाचनाचा असा जोड करावा. दोन्हींचे काम रविवारी रात्री ११.५९ वाजता द्यायचे नाही ना, हेही पाहून घ्यावे.

आता प्राध्यापकांविषयी. इथे प्रत्येक विद्यार्थी सर्वांत आधी जिथे जातो ते रेटमायप्रोफेसर्स हे संकेतस्थळ १९९९ पासून चालू आहे आणि तिथे विद्यार्थी निनावीपणे प्राध्यापकांना ५ पैकी गुण देतात. एके काळी प्राध्यापक दिसायला कसे आहेत याबद्दल तिथे तिखट मिरचीचे चित्रही देता येत असे. ते २०१८ मध्ये काढून टाकले गेले. मिरची गेली तरी मूळ अडचण राहिली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो, कारण तो ऑनलाइन कोर्सवरच केलेला होता. एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन साहाय्यक शिक्षकांनी प्रत्येकी दोन गट शिकवले, त्यांतला एक स्वतःच्या नावाने आणि दुसरा आपल्या सहकाऱ्याच्या नावाने. विद्यार्थ्यांना फक्त नाव दिसत होते. समोर पुरुषाचे नाव असले की गुण जास्त मिळाले, मग प्रत्यक्ष शिकवणारी व्यक्ती कोणीही असो. असाइनमेंट दोघांनी एकाच वेळी तपासून परत केल्या होत्या, तरी काम वेळेवर परत करण्याबद्दलही ‘पुरुषाला’ जास्त गुण पडले. प्रयोगात विद्यार्थी ४३ च होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये; तरी तो वाचल्यानंतर ३.२ आणि ४.१ यांतला फरक मी पूर्वीइतक्या भक्तिभावाने पाहत नाही.

दुसरे संशोधन अधिक मोठे आणि आपल्या कामाचे आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, ते सोडत काढल्यासारखे वाटून दिले जातात, आणि पुढचे कोर्सही ठरलेले असतात. स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिथल्या गणिताच्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेऊन दाखवले की ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्या कोर्सचे गुण चांगले पडत, त्यांना विद्यार्थ्यांचे अभिप्रायही चांगले मिळत; पण पुढच्या, त्यावर आधारलेल्या कोर्समध्ये हेच विद्यार्थी मागे पडत. अधिक अनुभवी प्राध्यापकांच्या बाबतीत बरोबर उलटे होते. थोडक्यात, ज्याचा अभिप्राय आपण वाचत असतो त्या विद्यार्थ्याला अभिप्राय लिहिताना आपण काय शिकलो हे अजून कळायचे असते.

म्हणून मी आकडा सोडून देते आणि मजकूर वाचते, तोही एका विशिष्ट नजरेने. ‘फार काम देतात’, ‘कडक तपासतात’, ‘एका स्वल्पविरामासाठी गुण कापले’ अशा तक्रारी दिसल्या की मी थांबून वाचते, कारण स्वल्पविरामासाठी गुण कापणारा माणूस निदान वाक्यापर्यंत पोचलेला असतो. ‘खूप छान, सहज ए मिळतो’ हे वाचून पुढे जाते. ‘तीन ईमेल केले, उत्तर नाही’ ही तक्रार दोन वेगवेगळ्या वर्षांतल्या दोघांनी केलेली असेल तर ती मी गंभीरपणे घेते. कॅम्पसवर शिक्षक व्हरांड्यात तरी गाठता येतो; ऑनलाइनमध्ये ईमेल हाच व्हरांडा.

मॅनेजेरियल अकाउंटिंगचे आमचे प्राध्यापक अशाच तक्रारींनी भरलेल्या पानावरून मला सापडले. त्यांचे गुण ५ पैकी अडीचच्या आसपास होते. दर आठवड्याला दोन पानांचा मेमो लिहावा लागे आणि तो चार दिवसांत परत येई, समासात इतके लिहिलेले असे की माझा मजकूर कमी वाटावा. एका मेमोत आम्हाला तीन उत्पादने बनवणाऱ्या कंपनीचा हिशेब दिला होता. त्यांतले एक उत्पादन तोट्यात दिसत होते आणि ते बंद करावे असे मी ठामपणे लिहिले. परत आलेल्या कागदावर त्या वाक्याखाली रेघ मारून त्यांनी एवढेच विचारले होते की हे उत्पादन बंद केल्यावर त्याच्या नावावर टाकलेले भाडे आणि पर्यवेक्षकाचा पगार कोण भरणार. मला एकदम सांगलीतला काकांचा छापखाना आठवला. लग्नपत्रिकांच्या कामात काही उरत नाही, ते बंद करून बिलबुकेच छापावीत, असे चुलतभाऊ दर वर्षी हिशेब मांडून सांगत असे, आणि काका दर वर्षी म्हणत की पत्रिका बंद केल्या तरी जागेचे भाडे बिलबुकांनाच द्यावे लागेल, मग तू बिलबुकेही बंद करायला सांगशील. वाटून टाकलेला स्थिर खर्च आणि निर्णयाने खरोखर टळणारा खर्च यांतला हा फरक व्हिडिओत सांगितलेला होता, मी तो ऐकला होता आणि क्विझमध्ये बरोबर उत्तरही दिले होते. समजला मात्र तो समासातल्या त्या एका प्रश्नाने. अंतिम गुण मला बी प्लस मिळाले. माझ्या गुणपत्रिकेवरची ती सर्वांत खालची श्रेणी आहे.

प्राध्यापकांच्या नावापुढच्या पदनामांचा अर्थ आपल्याकडच्या लोकांना सहसा माहीत नसतो, म्हणून थोडे त्याविषयी. असिस्टंट प्रोफेसर म्हणजे बहुधा कायम होण्याच्या वाटेवर असलेला संशोधक. त्याचे विषयज्ञान ताजे असते, पण त्याचे भवितव्य शोधनिबंधांवर ठरणार असते आणि तुमच्या मेमोवर नाही. ॲडजंक्ट म्हणजे कोर्सपुरता नेमलेला, पुष्कळदा दिवसा नोकरी करणारा माणूस. क्लिनिकल प्रोफेसर हे पद मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बिझनेस स्कूलमध्ये डॉक्टर कशाला, असा मला प्रश्न पडला होता. त्याचा अर्थ असा की या व्यक्तीचे मुख्य काम शिकवणे हे आहे आणि ती अनेकदा उद्योगातून आलेली असते. माझा अनुभव असा आहे की पेपर मनापासून वाचणारे लोक या शेवटच्या दोन गटांत अधिक भेटतात, आणि ॲडजंक्ट शिक्षकाने त्याच सत्रात तीन तुकड्या घेतलेल्या असतील तर तेही भेटत नाहीत. किती तुकड्या घेतल्या आहेत हे नोंदणीच्या वेळापत्रकातच दिसते.

कोर्सच्या क्रमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अकाउंटिंग फायनान्सच्या आधी आणि स्टॅटिस्टिक्स बाकी सगळ्याच्या आधी घ्यावे. इंजिनिअरिंगच्या पदवीमुळे मला स्टॅटिस्टिक्समधून सूट मिळत होती, ती मी घेतली आणि दोन सत्रांनंतर रिग्रेशनचे तक्ते समोर आल्यावर रात्री जागून वालचंद कॉलेजमधल्या जुन्या आठवणी उकराव्या लागल्या. पैशाचा एक मुद्दा मात्र क्रमावर परिणाम करतो. अमेरिकेत कंपनी कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी जी मदत देते त्यातले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात, आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जाते. माझी कंपनी नेमकी तेवढीच मदत देते, तीही कोर्स संपून गुण आल्यावर. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा कोर्स या वर्षीच्या मदतीत बसेल की पुढच्या, हे आधी विचारून घ्यावे लागते, आणि एखादा आवडता कोर्स केवळ या कारणासाठी जानेवारीपर्यंत ढकलावा लागतो.

इलेक्टिव्हच्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, बाबतीत माझे मत थोडे टोकाचे आहे. जे विषय घरबसल्या फुकट आणि उत्तम शिकता येतात, त्यांसाठी फी भरू नये. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलचे अश्वथ दामोदरन कंपन्यांच्या मूल्यांकनाचा आपला अख्खा कोर्स, व्याख्याने, टिपा आणि परीक्षांसह, कित्येक वर्षे इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवत आले आहेत. एमआयटीने आपल्या कोर्सचे साहित्य खुले करण्याचा निर्णय २००१ मध्येच जाहीर केला, आणि त्यात त्यांच्या बिझनेस स्कूलचेही कोर्स आहेत. दामोदरन यांची व्याख्याने ऐकून झाल्यावर, तोच विषय क्विझवर आटोपणाऱ्या कोर्ससाठी दोन-तीन हजार डॉलर का मोजावेत? मोजायचेच असतील तर ते अशा विषयांसाठी मोजावेत ज्यांना समोर दुसरी माणसे लागतात.

वाटाघाटींचा कोर्स त्यांत पहिला. त्यात दर आठवड्याला दोघांची जोडी लावतात, प्रत्येकाला वेगळी गुप्त माहिती देतात, आणि एकाने कारखाना विकायचा व दुसऱ्याने घ्यायचा असा व्यवहार ठरवून यायचा असतो. माझी जोडी एकदा बंगळूरच्या एका सहाध्यायाशी लागली. आमच्या संध्याकाळी सातला त्याच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असत, आणि घासाघीस करण्यात आपण भारतीय कोणाला हार जात नाही हा माझा गैरसमज त्याने चहाचा पहिला कप संपण्याआधी दूर केला. नंतर प्राध्यापिकांनी सगळ्या जोड्यांचे आकडे एका तक्त्यात दाखवले तेव्हा मी कुठे घाईने होकार दिला हे वर्गाला दिसत होते. ऑपरेशन्समधला बिअर गेमही असाच. एमआयटीत १९६० च्या सुमारास तयार झालेल्या या खेळात किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चौघे जण एकमेकांशी न बोलता फक्त मागणी नोंदवतात. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच किंचित वाढते आणि कारखान्यापर्यंत जाता जाता तिचा डोंगर होतो. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण आपण स्वतः घाबरून दुप्पट माल मागवला होता हे पडद्यावर पाहिल्याशिवाय त्यांचा चटका बसत नाही.

कोल्हापूरच्या माझ्या मावसबहिणीने हे सगळे ऐकून विचारले की आमच्याकडे यातले काय लागू पडते. भारतात ऑनलाइन एमबीए विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांखाली चालतात, आणि मान्यताप्राप्त संस्थांची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तिथे प्राध्यापक निवडण्याचा प्रश्न बहुधा येतच नाही. निवड असते ती फायनान्स की एचआर, मार्केटिंग की ऑपरेशन्स अशी. गुणांची वाटणीही साधारण ३० टक्के अंतर्गत आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षा अशी असते. त्यामुळे मी तिला एवढेच सांगितले की प्रवेशाआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षासाठी त्या संस्थेला आणि त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते स्वतः पाहावे, आणि मग संस्थेच्या प्रतिनिधीला विचारावे की त्या ३० टक्क्यांतल्या असाइनमेंट शेरे लिहून परत मिळतात की फक्त गुण दिसतात. तिने दोन संस्थांना फोन केला. एकीने पोर्टलवर गुण दिसतील असे सांगितले. दुसरीच्या प्रतिनिधीने हप्त्यांची योजना सांगायला सुरुवात केली.

पुढच्या सत्राची आमची नोंदणी मागच्या मंगळवारी झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन या बिझनेस स्कूलमध्ये २०१३ पासून विद्यार्थ्यांच्या आवडीनिवडी भरून घेऊन संगणकच सर्वांची वेळापत्रके जुळवतो असे म्हणतात. आमच्याकडे सकाळी आठला पान उघडते आणि ज्याचे बोट आधी पडेल त्याला जागा मिळते. मला स्ट्रॅटेजीच्या दोन तुकड्यांतून एक निवडायची होती, वेळ तीच, व्हिडिओ तेच, शिक्षक वेगवेगळे. आठवडाभर आधी मी दोघांनाही एकाच प्रश्नाचे ईमेल पाठवले: केस स्टडीवरचे लेखी विश्लेषण आपण स्वतः वाचता का? एकांकडून आपोआप उत्तर आले की मी प्रवासात आहे. दुसऱ्यांनी त्याच संध्याकाळी लिहिले की क्विझ साहाय्यक तपासतो, विश्लेषणे मी स्वतः वाचतो, मात्र ती दोन पानांपेक्षा जास्त असतील तर तिसरे पान वाचत नाही. आठ वाजून तीन मिनिटांनी मी त्यांच्या तुकडीवर बोट ठेवले तेव्हा ती भरलेली होती. वेटलिस्टवर माझा नंबर चौथा आहे.